दोघंही कच्चे

लग्नाला ३१ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत स्कूटर मला यांनी शिकवली, बँकेचे व्यवहार यांनी शिकवले, फोनवरून पैसे पाठवायलाही यांनीच. स्वयंपाकघरात उलटं, तिथे मी सांगणार आणि हे ऐकणार. दोघांनाही ज्यातलं ओ की ठो कळत नाही, असं काही आम्ही एकत्र केलंच नव्हतं. म्हणून लेकीने नवशिक्यांच्या पॉटरी क्लासला आमची नावं घातली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. चार रविवार, दोन-दोन तास.

पहिल्याच दिवशी बाईंनी नियम सांगितला: शेजारच्याच्या चाकावर हात घालायचा नाही. काय सांगायचं ते तोंडाने सांगा.

माती मळणं मला जमलं, हाताला कणकेची सवय आहे. फक्त आत हवा कोंडू द्यायची नाही, नाहीतर पुढे भांड्याची भिंत तिथेच फुगते. खरी परीक्षा चाकावर. अर्ध्या किलोचा गोळा मधोमध थापायचा आणि ओल्या हातांनी असा धरायचा की तो गरगर फिरत असूनही जागच्या जागी थांबल्यासारखा दिसला पाहिजे. यांचा गोळा हेलकावे खात होता. हे जितका जोर लावत, तितका तो हातांना ढकलत होता. शेवटी चाक थांबवून हे म्हणाले, "अगं, तुझा हलत नाहीये. काय केलंस?"

३१ वर्षांत स्वयंपाकघराबाहेरचं काही यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "अहो, कोपरं मांडीला टेकवा, जोर नका लावू." पुढच्या रविवारी माझी भिंत वर येता येता सारखी बसत होती. तेव्हा यांच्या लक्षात आलं की मी हात झटकन काढते. "हळू सोड," एवढंच म्हणाले. वाडगा उभा राहिला.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जोडीने कच्चं असण्यात किती सुख आहे, ते मला या क्लासमध्ये कळलं.

एक मात्र कळकळीने सांगते. हल्ली जोडप्यांना एकच चाक देतात, चार हात एका गोळ्यावर, भोवती मेणबत्त्या आणि फोटो. तिथे जाऊ नका. दोघांचा दाब कधीच सारखा नसतो, माती मधोमध येतच नाही, आणि शिकत कोणीच नाही. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या जोडप्याने १९७१ मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरांनी रोजच्या वापरातली भांडी सांभाळली, रे यांनी शिल्पं केली आणि मातीची अख्खी घरं आतून पेटवून भाजली. जागा एक, पण ज्याचं त्याचं काम वेगळं.

आमचे कप दोनदा भाजून तीन आठवड्यांनी हातात आले. वाळताना आणि भट्टीत माती आकसते, साधारण दहाव्या हिश्शाने, त्यामुळे केला होता त्याहून प्रत्येक कप लहान दिसतो. माझा बुडाशी जड आहे, यांच्या कपाची कड एका बाजूला उतरती. सकाळचा चहा त्यातच होतो.

पुढच्या महिन्याचा फॉर्म यांनी स्वतःहून भरलाय. दोन चाकं, शेजारी-शेजारी.