समुद्र समोरच हवा

गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट काढून देणारा माणूस, अशी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती आहे. ही ख्याती सातासमुद्रापार पोचेल आणि माझ्याच अंगाशी येईल, असं काही वाटलं नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या जावईबापूंनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास; गाडीमागे जोडायची आणि निघायचं. जूनमध्ये किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरलं. लेकीची अट एकच, मुक्काम अगदी समुद्रासमोर हवा. तिथल्या सरकारी किनाऱ्यांवरच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी, त्यांच्या सकाळी आठला उघडतं. तेव्हा ती दोघं ऑफिसच्या वाटेवर. आणि डिसेंबरात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. "बाबा, तुम्ही काय, घरीच असता!" निवृत्त माणसाकडे याला उत्तर नसतं.

साडेनऊला आमच्याकडे पानं वाढलेली असतात. उजवा हात आमटीभातात, डावा माऊसवर. ठोका पडला की कळ दाबायची, आणि आत्ता मोकळी दिसणारी जागा डोळ्यांदेखत गेलेली बघायची. मग पुढचा घास. आमटीचा एक थेंब कीबोर्डवर सांडला, तेव्हापासून एंटर चिकटतंय. तत्काळच्या लढाईत निदान समोरचे लोक आपले असतात हो, शिव्या तरी मराठीत घालता येतात.

बरं, जागा मिळाली म्हणून ट्रेलर तिथे मावेलच असं नाही. प्रत्येक जागेला लांबीची मर्यादा. जावईबापू म्हणाले पंचवीस फूट. खोदून विचारल्यावर कळलं, ती नुसत्या खोलीची लांबी. पुढे गाडीला अडकवायची दांडी वेगळी. जाहिरातीतलं माप एक आणि प्रत्यक्षातलं भलतंच, हे ठाण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय 'समुद्रासमोर' या शब्दावर तिथेही फार विसंबायचं नसतं. बोल्सा चिकाला वीज, पाणी सगळं आहे, पण मुक्काम डांबरी पार्किंगमध्ये. रिंकन पार्कवेला गाड्या दगडी बंधाऱ्याला लागून ओळीने उभ्या, पुढ्यात लाटा, मागे रस्ता. मात्र वीज-पाण्याची जोडणी नाही. ही म्हणाली, "वीज नाही, पाणी नाही, वर पैसे देऊन?" सॅन क्लेमेंटेला मुक्काम उंच कड्यावर, वाळू खाली, आणि दोन्हींच्या मध्ये चक्क रेल्वेचे रूळ. आमच्या घराला बिल्डरने 'क्रीक व्ह्यू' म्हटलं होतं. खाडी दिसते, बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर चढल्यावर. त्यामानाने रूळ परवडले.

सांडपाण्याचं प्रकरण मात्र मी उगाच हिला सांगितलं. ट्रेलरखाली दोन टाक्या, एक संडासाची, एक मोरीची. ठरावीक ठिकाणी नेऊन, जाड नळी जोडून, हातांनी रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपसूक धुतली जाते. हिचा घास हातातच राहिला. "हे जावई स्वतः करतात? आणि इथे आल्यावर प्यालेला पेला उचलत नाहीत!" तेव्हापासून जावयाच्या पाहुणचाराचं धोरण घरात फेरविचाराधीन आहे.

सॅन क्लेमेंटेची जागा अखेर हाती लागली, तीही वीज-पाण्यासकट. त्या रात्री आमटी निवली होती, पण मी दोनदा भात घेतला.

जूनमध्ये लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिची सकाळ, आमची संध्याकाळ नुकती उलटलेली. "बाबा, समुद्र बघा!" तिने फोन फिरवला. पडद्यावर पांढरंफटक. मे-जूनमध्ये त्या किनाऱ्यावर सकाळी ढगांचा दाट थर येऊन बसतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. 'जून ग्लूम' म्हणतात त्याला. तेवढ्यात खालून भोंगा वाजला आणि काहीतरी धडधडत गेलं.

"अहो, ही कुठल्या स्टेशनवर आहे?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बाबा," जावईबापूंचा चेहरा पडद्यावर आला, "डिसेंबरात म्हणे आकाश स्वच्छ असतं. इथे आठ वाजायला दहाच मिनिटं आहेत. तुमचं जेवण व्हायचंय ना अजून?"