यादीबाहेरचे रुग्णालय आणि माजी सैनिकांचा हक्क

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना; तिच्या दवाखान्यांना पॉलिक्लिनिक म्हणतात. माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या तिच्याबद्दल एक संदेश फिरतो आहे: ‘पॉलिक्लिनिकच्या रेफरलशिवाय किंवा ईसीएचएसच्या यादीत नसलेल्या खासगी रुग्णालयात दाखल झालात, तर एक रुपयाही परत मिळणार नाही.’ हा संदेश चुकीचा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारा आहे. कारण अपशिंगे मिलिटरीसारख्या, घरोघरी फौजी असलेल्या गावात मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर त्यावर विसंबलेले कुटुंब जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जाईल.

नेहमीच्या उपचारांसाठी सहसा पॉलिक्लिनिकचे रेफरल, म्हणजे रुग्णालयात पाठवल्याचे पत्र, लागते, हे खरे. आणीबाणीत मात्र सभासदाला यादीतल्या रुग्णालयात थेट दाखल होता येते. कार्ड दाखवल्यावर उपचार कॅशलेस होतात आणि पॉलिक्लिनिकला कळवण्याचे कामही रुग्णालयाचेच असते.

यादीबाहेरच्या रुग्णालयात बिल आधी आपल्याला भरावे लागते. पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवले आणि प्रकृती खरोखर तातडीची होती हे कागदोपत्री दिसले, तर खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. ईसीएचएस ज्या सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, धर्तीवर २००३ मध्ये सुरू झाली, त्या योजनेतील एका निवृत्त अधिकाऱ्याच्या, शिवकांत झा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की, केवळ रुग्णालयाचे नाव यादीत नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. उपचार खरोखर झाले का, हे पाहायचे असते.

‘एक रुपयाही नाही’ हे खोटे असले, तरी सगळे पैसे परत मिळतील असेही कुणी समजू नये. मंजुरी सरकारी दरांप्रमाणे होते आणि वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. माझ्या वडिलांच्या बिलात खोलीभाड्याला मोठी कात्री लागली, ती याचमुळे. त्याआधी तर अख्खी फाईलच परत आली होती, कारण डिस्चार्ज कार्डावर हृदयविकाराचा उल्लेख होता, पण रुग्णाला आणीबाणीत दाखल केल्याचा डॉक्टरांचा स्वतंत्र दाखला जोडलेला नव्हता. महिन्याभराने तो मिळवायला भावाला तीन खेपा घालाव्या लागल्या. म्हणून मूळ बिले, पावत्या आणि तपासण्यांचे अहवाल यांच्याबरोबर हा दाखलाही घरी निघण्यापूर्वीच, सही-शिक्क्यानिशी, मागून घ्यावा.