व्हिसा मिळाला, आता लेटरबॉक्सचं बघा

आज सकाळी मामेभावाने पासपोर्टवरच्या जर्मन व्हिसाचा फोटो टाकला. दुपारपर्यंत दोनशे लाइक आणि त्यात एका काकांची कॉमेंट: "झालं! पोरगा सुटला."

सुटला? काका, आता अडकला म्हणा.

त्याच्या आनंदावर विरजण घालायचं नाहीये मला. त्या स्टिकरसाठी पोराने काय काय केलंय ते मी इथे जर्मनीत बसून रोज फोनवर ऐकलंय. आधी एपीएस, म्हणजे आपल्या डिग्र्या खऱ्या आहेत याचं प्रमाणपत्र. २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षभराचा खर्च आधीच खात्यात अडकवून ठेवायचा, ११,९०४ युरो. मामाने दोन एफडी मोडल्या. पैसे आपलेच, पण हातात महिन्याला ९९२ युरोच पडणार, लहान मुलाला खाऊचे पैसे मोजून द्यावेत तसे. आणि एवढं करून नकार आला तर? पूर्वी निदान "पुन्हा एकदा बघा हो" असा अर्ज तिथेच फुकट करता यायचा. १ जुलै २०२५ पासून तीही सोय काढून टाकली. आता सगळं पहिल्यापासून करा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. बावीस वर्षांच्या पोराने बर्लिनच्या कोर्टात जायचं!

असो. मला बोलायचंय ते पुढचं. तो स्टिकर म्हणजे दारातून आत यायची मुभा, तीही बहुतेकांना काही महिन्यांचीच. राहायचा परवाना वेगळा, आणि तो इथे आल्यावर मिळवायचा. त्याचे फोटो कुणी टाकत नाही, म्हणून काकांना तो माहीत नाही.

माझंच सांगते. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो मी मिळवला. नोंदणी झाली, परवान्याचा अर्ज केला आणि अपॉइंटमेंटची वाट बघत बसले. एक महिना गेला, दोन गेले. व्हिसा संपायला अकरा दिवस उरले तेव्हा फॉरेनर्स ऑफिसात, म्हणजे हे परवाने देणाऱ्या कचेरीत, एकदाचा फोन लागला. पलीकडची बाई म्हणाली, "आम्ही पत्र पाठवलं होतं. परत आलं. या पत्त्यावर अशी कुणी व्यक्ती नाही."

इथे पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र माघारी. फ्लॅट नंबर वगैरे कुणी विचारत नाही. आमच्या बॉक्सवर आधीच पाच आडनावं होती. "तुझं लावतो" म्हणून मालक विसरला होता, तेव्हा मीच वहीचा कागद फाडून, बॉलपेनने नाव लिहून चिकटवला होता. पावसात तो कधी गळून पडला, मला कळलंच नाही. अशी कुणी व्यक्ती नाही! आणि ती व्यक्ती तिसऱ्या मजल्यावर बसून दर अर्ध्या तासाने ईमेल उघडून बघत होती.

हो, मान्य आहे, चूक माझीही होती. आणि आपल्याकडच्या कचेऱ्या म्हणजे काही स्वर्ग नाहीत, तेही मान्य. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, हे तर सगळेच ऐकवतात. ऐकलं. पण साध्या चिकटपट्टीवर एखाद्याचं वर्ष लटकतं, याला जर्मन शिस्त म्हणायचं का? बरं, यांच्या खात्यांना ईमेल पाठवता येत नाही का? आम्ही यांना उत्तरं द्यायची पाच मिनिटांत, आणि यांची पत्रं यायची बैलगाडीने!

मुदत संपायच्या आत अर्ज केलेला होता म्हणून वाचले. कार्ड येईपर्यंत हातात एक घडीचा कागद दिला. त्याला सगळे 'फिक्शन सर्टिफिकेट' म्हणतात. विनोद नाही, जर्मन नावातही 'फिक्शन'च आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझा व्हिसा अजून चालूच आहे असं तूर्त धरून चालायचं. माझ्याकडे होता तशा कागदावर प्रवास करून परत येता येतं, पण विमानतळाच्या काउंटरवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. धाडस झालं नाही. त्या दिवाळीला घरी गेले नाही. आईला सांगितलं, परीक्षा आहे.

एक मात्र लिहायला हवं. फोनवरची तीच बाई पुढे काउंटरवर भेटली. कागद हातात देताना म्हणाली, "आता नाव नीट लावा, पावसात टिकेल असं." आणि हसली. मला रडू आलं होतं, का ते अजून सांगता येत नाही.

काकांना काही उत्तर दिलं नाही. भावाला तेवढा मेसेज केला: प्लास्टिकची पट्टी आण, पासपोर्टवर आहे तस्संच स्पेलिंग लिही, वरून पारदर्शक टेप लाव, पहिल्याच दिवशी.

त्याचं उत्तर आलं, "ताई, आधी घर तर मिळू दे."