पाठीत टायटॅनियम, गालात खर्रा

कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी झिजली आहे, मणका पुढे सरकून पायाची नस दाबतो आहे, हे नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवले, तरी आपण मुळीच खचू नये. आता पाठीत चार स्क्रू आणि दोन सळ्या बसणार, गादीच्या जागी केज नावाचा ठोकळा जाणार. टायटॅनियमच्या कंबरेला कसले आले पथ्य?

डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न एकच, तो म्हणजे स्क्रू इंपोर्टेड आहेत ना. मणका खरोखरच अस्थिर आहे का, की नुसती नस मोकळी करून भागेल, असले विचारून त्यांचा वेळ घेऊ नये. नुसती गादी सरकली असेल, तर बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना निवळते, ही माहितीही कानाआड करावी. याउलट लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, की मात्र घाई नको. डॉक्टर याला तातडीची बाब म्हणतात, पण आपण आधी एखादा मालिशवाला गाठावा.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर एक कंटाळवाणी गोष्ट सांगतील. स्क्रू आणि सळ्या म्हणजे स्लॅबखालचे सेंट्रिंग आहे. मणक्यांमध्ये भरलेला हाडाचा चुरा जगून दोन्ही मणके एकजीव होईपर्यंतच त्यांनी भार पेलायचा असतो, आणि त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तंबाखूतले निकोटीन नव्या हाडाचा रक्तपुरवठा आवळते आणि हाड जुळू देत नाही, असेही ते बजावतील. हे सारे मान डोलावून ऐकावे आणि डॉक्टरांची पाठ वळताच भाच्याला पानठेल्यावर पिटाळावे. पन्नीत घोटून घोटून ओला झालेला, सुपारी-तंबाखू-चुन्याचा तो खर्रा उशीखाली ठेवला, की वॉर्डातला निम्मा मुक्काम सुसह्य होतो. कुणी हटकलेच, तर आपण सिगारेट कधीच सोडली आहे, असे शपथेवर सांगावे. (ते खरेही असते.)

घरी आल्यावर फिजिओथेरपीच्या कागदाने पंख्याचे काम भागते. वाकू नका, पिळ्या घेऊ नका, वजन उचलू नका, ही बंधने मार्च संपेपर्यंत पाळली तरी पुष्कळ झाले, कारण त्यानंतर नागपुरात कुलर काढावा लागतो आणि तो माळ्यावरून उतरवताना खालून धरणारा माणूस घरात आपल्याखेरीज कोणी नसतो. पाण्याच्या बादल्याही आपणच उचलाव्यात. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, हे लहानपणी आपण सर्वांनी करून पाहिले आहे. न जुळलेल्या हाडामधल्या सळईची गत तीच होते, पण ती इंपोर्टेड असल्याने आपण निश्चिंत असावे.

वर्षभराने एक्स-रेमध्ये स्क्रू तुटलेला दिसला आणि पुन्हा शस्त्रक्रिया ठरली, तर काढलेला तुकडा डॉक्टरांकडून आठवणीने मागून घ्यावा, शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवावा, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, गालातला खर्रा एका बाजूला सारून, माल हलका निघाला हो, असे सांगावे.