ठिपका पोचला नाही, सबब मीही नाही

मित्राकडे सगळे जमणार होते. 'लाइव्ह लोकेशन टाक' असा हुकूम आला, मी टाकलं आणि निघालो. इथवर काही बिघडलं नव्हतं.

दार मित्राच्या सासऱ्यांनी उघडलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. चष्मा कपाळावर, हातात जावयाचा फोन. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"तुम्ही अजून पोचला नाहीत."

"नाना, मी समोर उभा आहे."

"ते दिसतंय. पण इथे तुम्ही मागच्या गल्लीत आहात."

"नकाशा जरा मागे राहिला असेल."

"मागे तुम्ही राहिलात. मघाशी चौकात सात मिनिटं एका जागी होतात."

"एकाला पत्ता सांगत होतो."

"तो इथे दिसत नाही." नानांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. "आणि त्याआधी तुम्ही तळ्यात होतात. पार मधोमध. मी आत विचारलंसुद्धा, यांना पोहता येतं ना?"

उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग फोन वाय-फाय आणि टॉवर धरून अंदाज बांधतो, तो कधी चुकतो, असं मी पायपुसण्यावर उभं राहून समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उपग्रहाला खोटं बोलून काय मिळणार?"

म्हणजे मला मिळणार! याला उत्तर होतं, ते मला परतताना जिन्यात सुचलं. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये जाणूनबुजून चूक घालत होती. उपग्रह खोटं बोललेत नाना, सरकारी आदेशावरून, वर्षानुवर्षं! पण त्या वेळी मी नुसता दात काढून उभा होतो. नानांनी आत वळून ओरडून सांगितलं, "येतायत! मागच्या गल्लीत आहेत!" आतून कोणीतरी म्हणालं, "घरीच असेल तो अजून." आणि सगळे हसले. मी ते दारातून ऐकत होतो.

मग ठिपका टुणकन उडी मारून इमारतीवर आला. नानांचा चेहरा उजळला. "आलात! या, या. उशीर केलात."

गूगलने 2009 मध्ये लॅटिट्यूड नावाचं असंच प्रकरण काढलं होतं. 2013 मध्ये ते बंद केलं, तेव्हा मला वाटलं जगाला अक्कल आली. कसली येते! 2017 मध्ये गूगल मॅप्स, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप, तिघांनी एकाच वर्षी ही सोय दिली. व्हॉट्सॲपवर निदान पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांनी सुटका तरी होते. गूगल मॅप्समध्ये 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे. स्नॅपचॅटवर नकाशावरून गायब व्हायला घोस्ट मोड आहे. होऊन बघा भूत. लगेच विचारणा येते, "काय लपवतोयस?" चालू करताना कोणी कारण विचारत नाही, बंद करताना मात्र खुलासा द्यावा लागतो. वर बॅटरी संपल्याची थापही गेली, कारण गूगल मॅप्समध्ये ठिपक्यासोबत समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली आहे तेही दिसतं. कोणाला हवी होती ही माहिती?

मला नको होती. पण गेल्या आठवड्यात संध्याकाळी सहज नकाशा उघडला, तर आमच्या कंपूतले सगळे ठिपके एकावर एक, एकाच जागी. माझा तेवढा लांब, एकटा. मला कोणी काही कळवलं नव्हतं. आता विचारावं तरी पंचाईत, 'तुला कसं कळलं' म्हणजे मीच नाना ठरणार. म्हणून गप्प बसलो आणि एकेकाची बॅटरी तपासली. सगळ्यांची भरपूर होती. फोन करता आला असता.