चुकीच्या उत्तरसूचीनं बरोबर उत्तर कापलं

काल पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर हातात आले आणि तेव्हापासून माझं डोकं ताळ्यावर नाही. दहावीचा भूगोल. आमच्या भागातल्या काही शाळा मिळून प्रश्नपत्रिकांचा तयार संच विकत घेतात आणि पेपर एकमेकांकडे तपासायला देतात. पद्धत चांगली आहे, आपल्या पोरांना आपणच झुकतं माप देत नाही. पण संचासोबत छापील उत्तरसूची येते आणि तपासणारा ती समोर ठेवून लाल पेन चालवतो. सूचीत जे असेल ते बरोबर, बाकी सगळं चूक.

प्रश्न होता भारत आणि ब्राझीलच्या हवामानातला फरक स्पष्ट करा. चार गुणांचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं की जानेवारीत भारतात हिवाळा असतो तेव्हा ब्राझीलच्या दक्षिण भागात उन्हाळा असतो, कारण ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात आहे आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्याची लंबरूप किरणं मकरवृत्ताच्या आसपास पडतात. त्या वाक्यांवर आडवी लाल रेघ आणि समासात चारपैकी एक. मी सूची उघडली. त्यात छापलंय: ‘जानेवारीत दोन्ही देशांत हिवाळा असतो, ब्राझीलमधील हिवाळा तुलनेने सौम्य असतो.’

दोनदा वाचलं. मग त्या मुलीनं विचारलं, “मॅडम, माझं काय चुकलं?” तिला काय सांगायचं? तुझं काहीच चुकलं नाही बाळा, छापणाऱ्याला गोलार्ध माहीत नाही, आणि तपासणाऱ्यानं विचार करायचा सोडून दिलाय?

ही बारीकसारीक चूक नाही. एखाद्या शहराची लोकसंख्या चुकली, नदीची लांबी इकडची तिकडे झाली, तर मी लाल पेनानं दुरुस्त करून पुढे जाते. पण भारत आणि ब्राझील हे दोन देश दहावीच्या एका पुस्तकात शेजारी मांडले त्यामागचा सगळ्यात मोठा मुद्दाच हा आहे. आपण पूर्णपणे उत्तर गोलार्धात. ब्राझील सुमारे 5 अंश उत्तरेपासून जवळजवळ 34 अंश दक्षिणेपर्यंत. वरच्या टोकाला विषुववृत्त, खालच्या भागातून मकरवृत्त. विषुववृत्ताजवळच्या मॅनॉस शहरात वर्षभर उकाडा, तिथं हिवाळा-उन्हाळ्यात फारसा फरकच नसतो, आणि दक्षिणेकडच्या उच्चभूमीवर जून-जुलैत कडाक्याची थंडी. 1975 च्या जुलैमध्ये पाराना राज्यातल्या कॉफीच्या बागा गोठून काळ्या पडल्या होत्या. जुलैमध्ये! ही एक गोष्ट पोराच्या डोक्यात बसली की ऋतू, कॉफी, पर्यटन सगळं आपोआप उलगडतं. आणि नेमकी तीच गोष्ट उत्तरसूचीत उलटी.

शिवाय ही मुलं साताऱ्याची आहेत. जानेवारीत वेण्णा लेकला दव गोठलं की फोटोसकट बातमी येते. मी वर्गात तेच सांगते: महाबळेश्वरला पहाटे गाडीच्या टपावर बर्फाची साय धरते, त्याच दिवशी रिओच्या किनाऱ्यावर लोक उन्हात बसलेले असतात. डिसेंबरच्या शेवटी मेलबर्नला कसोटी असते तेव्हा प्रेक्षक टोप्या घालून घाम पुसत बसलेले असतात, हे तर पोरं पहाटे उठून टीव्हीवर बघतात. त्यांना कळतं. शिकवलं की कळतं. मग असा एक संच येतो आणि कळलेलं पुसून टाकतो.

मी तपासणाऱ्या सरांना फोन लावला. “अहो मॅडम, सूचीत होतं तसं दिलंय. तीन मार्कांसाठी एवढं काय?” तीन मार्कांसाठी नाही हो. त्या मुलीनं डोकं वापरलं आणि तिला त्याची शिक्षा झाली, त्यासाठी! संचाच्या मागे छापलेल्या नंबरवरही फोन केला. तिकडून उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढच्या आवृत्तीपर्यंत माझी ही बॅच अकरावीला गेलेली असेल. आणि हाच संच अजून किती शाळांत गेला असेल, किती पोरांची बरोबर उत्तरं खोडली गेली असतील, याचा विचार केला की तळपायाची आग मस्तकाला जाते. ज्या पोराला घरी विचारायला कुणी नाही ते मुकाट्यानं वहीत दुरुस्त करणार, ‘ब्राझील: जानेवारी: हिवाळा’, आणि मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात तेच लिहून येणार.

त्याच संचातला नकाशा वाचनाचा प्रश्न तर बघवत नाही. लोकसंख्येच्या वितरणाचा क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे आकड्यांप्रमाणे प्रदेशांना फिक्या-गडद छटा देणारा, आणि खाली विचारलंय, ‘गडद हिरव्या रंगाने दाखवलेल्या प्रदेशातील लोकसंख्येची घनता किती?’ संच छापलाय काळ्या शाईत! गडद हिरवा, फिका हिरवा, पिवळा, सगळं एकाच करड्या रंगाचं. वरून आपल्या शाळा त्याची झेरॉक्स काढतात, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढतात, आणि पोरांच्या हातात पडतो तो नुसता काळा डाग. नकाशाची सूची वाचता येत नाही, किनारा कुठं संपतो कळत नाही. हुशार पोरगं शेजारच्याकडे बघतं, शेजारचा छताकडे बघतो. मग शिक्षक सांगतात, “तिथं उत्तर प्रदेश लिहा रे.” हे नकाशा वाचन?

चाळीस गुणांच्या पेपरात नकाशा भरणं, नकाशा वाचणं आणि आलेख मिळून चौदा गुण असतात. चाळीसातले चौदा! तरी बाजारात जे काही मिळतं त्यात सगळ्यात वाईट अवस्था नकाशांचीच. बालभारतीच्या पुस्तकात नकाशे रंगीत आहेत, पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवता येते. ते नकाशे समोर असताना ही मंडळी हातानं नवे आराखडे काढतात आणि त्यात अंदमान विसरतात. एका गाइडमध्ये मी कर्कवृत्त मुंबईवरून गेलेलं पाहिलंय. मुंबई 19 अंशांवर, कर्कवृत्त साडेतेवीसवर, गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाणारं. ते पान मी फाडलं. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान म्हणा हवं तर.

आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. त्यात तेलंगणा नाही. म्हणजे तो 2014 च्या आधीचा. लडाख केंद्रशासित झालं 2019 साली, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले 2020 साली. मी एकीकडे 28 राज्यं, 8 केंद्रशासित प्रदेश शिकवते आणि माझ्या पाठीमागे भिंत वेगळंच सांगते. महाराष्ट्राच्या नकाशात पालघर जिल्हा नाही. दर वर्षी मागणी करते, दर वर्षी “बघू की मॅडम.” गॅदरिंगच्या साऊंड सिस्टीमला कधी “बघू” झालेलं ऐकलं नाही.

आणि पृथ्वीगोल. तो मुख्याध्यापकांच्या कपाटावर शोभेला ठेवलाय. त्याचा स्टँड मोडल्यावर कुणीतरी तो सरळ उभा करून चिकटपट्टीनं चिकटवला. सरळ! साडेतेवीस अंशांचा कल हाच तर ऋतूंचा जीव आहे, आणि आमचा गोल ताठ उभा. त्या गोलावरून ऋतू शिकवायचे तर जगात कुठंच ऋतू होणार नाहीत. मी शेवटी घरून प्लास्टिकचा बॉल आणि विणकामाची सुई नेते, टॉर्च लावते, आणि अंधार करायला खिडक्यांना बेडशीट लावते. एवढं करून पोरांना जे समजतं ते छापील सूची एका ओळीत खोडते. मग रागावू नको तर काय करू?

तास किती मिळतात तेही सांगते. जानेवारी उजाडला की गणित आणि विज्ञानवाले दारात उभे. “मॅडम, तुमचा तास द्या ना, भूगोल काय, वाचून होतो.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याला मी आता स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारते, समघनी आणि क्षेत्रघनी नकाशातला फरक सांगा, मग तास देते. अजून कुणी सांगितलेला नाही, आणि तासही दिलेला नाही. भूगोलाचा पेपर बहुतेक शेवटी असतो म्हणून पालकसुद्धा म्हणतात, मधे सुट्टी आहे की, होईल. त्या सुट्टीत पोरं मोबाईलवर ‘संपूर्ण भूगोल अर्ध्या तासात’ बघतात. मी ते व्हिडिओ बसून बघितलेत. सर बोलतायत, मागे मजकूर सरकतोय, एकदाही नकाशा दिसत नाही. अवर्षण चतुष्कोन म्हणजे काय ते पाठ करून घेतात, तो ब्राझीलच्या ईशान्येला आहे हे बोट ठेवून दाखवत नाहीत. उच्चभूमीच्या आड पाऊस अडतो हे सांगत नाहीत. आमच्या पोरांना ते समजायला दोन मिनिटं लागतात! महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. माण-खटावच्या पोराला पर्जन्यछाया शिकवावी लागत नाही, नुसतं नाव सांगावं लागतं.

याच कारणासाठी मला थर्माकोलचे ज्वालामुखी डोळ्यासमोर नकोत. कुठल्याही प्रदर्शनात जा, शंकू उभा, तोंडाला लाल रंग, आत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. बक्षीस नक्की. आमच्या शाळेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्याच्या उतारावर आडवे थर स्पष्ट मोजता येतात, एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याचे. दख्खनचा हा कातळ शंकूतून फवारून आलेला नाही. भेगांमधून वर येऊन पसरलाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. भेगीय उद्रेक नववीच्या पुस्तकात आहे, त्याचं आख्खं उदाहरण गावाच्या डोक्यावर उभं आहे, आणि आम्ही पोरांकडून इटलीतल्या डोंगराची प्रतिकृती करून घेतो. पाचगणीच्या टेबललँडवर सहल जाते तेव्हा पोरांच्या पायाखाली जांभा असतो आणि गाइडवाले घोड्यावर बसायला सांगतात. भूकंपाचंही तेच. तयार नोट्समध्ये जपान. पाटण भागातल्या पोरांच्या आजीला 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाठ आहे, कोयनानगर कसं पडलं ते ती घरात बसून सांगेल. हे कुठल्या संचात आहे?

आणि क्षेत्रभेट! दहावीचा पहिलाच धडा. प्रत्यक्ष जाऊन बघा, विचारा, नोंदी करा, अहवाल लिहा. गाइडमध्ये तयार अहवाल मिळतो समुद्रकिनाऱ्याचा. माझ्याकडे दुसऱ्या शाळेतून आलेल्या वह्यांत वर्गच्या वर्ग एकाच किनाऱ्यावर जाऊन आलेला, एकाच मच्छीमाराशी बोललेला, शब्दाला शब्द तोच. यातल्या अर्ध्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. संगम माहुली इथून जवळ आहे. कृष्णा आणि वेण्णा डोळ्यांसमोर मिळतात, गाळ दिसतो, काठाची झीज दिसते, उसाला पाणी कुठून येतं ते मोटारी दाखवून सांगता येतं. पण नदीजवळ न्यायचं म्हटलं की परवानग्या, हमीपत्रं, “काही झालं तर जबाबदार कोण.” सुरक्षेची काळजी मलाही आहे. घाटावर उभं राहून बघू म्हटलं, तरी नाही. शेवटी सहल वॉटरपार्कला गेली. तिथं जबाबदार कोण होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

मी पुढच्या वर्षाचं मागणीपत्र आजच लिहून दिलंय. एक पृथ्वीगोल, अक्ष कललेला, स्टँड धातूचा. भारताचा आणि ब्राझीलचा नवा राजकीय व प्राकृतिक नकाशा. सराव परीक्षेतले नकाशे रंगीत छापायचा खर्च, पोरामागे एक पान. आणि तयार संच बंद: प्रश्नपत्रिका आमच्या शाळांतले भूगोलाचे शिक्षक बसून काढतील, उत्तरसूचीवर काढणाऱ्याची सही राहील. यातलं जे नामंजूर होईल त्याचं कारण मला लेखी पाहिजे, तेही खाली लिहिलंय.