खिडकी बंद, आरती चालू

मंगळवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी इंदूरच्या एका सरकारी कचेरीत चार नंबरच्या खिडकीसमोर उभी होते. (कुठली कचेरी ते लिहीत नाही, काम अजून व्हायचंय.) खिडकीत बाबू नाही. खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल, टेबलावर अर्धा चहा, चहाच्या कडेवर माशी. वीस मिनिटं मी त्या माशीकडे बघत होते. शेवटी शिपायाला विचारलं, तर म्हणे, "आरती चल री है, माताजी. बैठ जाओ." बसू कुठे? बाक एक, त्यावर आधीच सात जण कोंबलेले.

सासूबाई जाऊन चार महिने झाले. रामबागेतलं घर त्यांच्या नावावर होतं, ते आता यांच्या नावावर करायचं, एवढंच नामांतरण. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, संपत्तीकराची पावती, सगळं क्रमाने लावून नेलं होतं. आणि ही माझी चौथी खेप.

कचेरीच्या मागे पूर्वी लोक स्कूटर लावायचे. दोन वर्षांपूर्वी तिथे शेंदूर फासलेला एक दगड आला. मग त्यावर पत्रा आला, मग टाइल्स, मग जाळीचं दार, मग दानपेटी, आणि दानपेटीला दरवाजापेक्षा मोठं कुलूप. देवळातल्या दिव्यांची वायर रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून बाहेर आलेली मी या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे मारुतीरायाचं लाइट बिल तुम्ही-आम्ही भरतोय. साहेब तबक घेऊन पुढे, स्टाफ टाळ्या वाजवत मागे, आणि आम्ही चाळीस माणसं आत खिडक्यांकडे तोंड करून. पस्तीस मिनिटं चाललं हे.

मला कुणी नास्तिक म्हणायला येऊ नका. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो, अथर्वशीर्ष मला पाठ आहे आणि त्या मंगळवारी मला उपास होता. पोटात नुसता चहा घालून उभी होते, डोकं फिरणार नाही तर काय होणार!

बाबू आला. कपाळावर ताजा टिळा, मुठीत बुंदी. फाइल न उघडताच त्याने टेबलाखालून पावतीपुस्तक काढलं. "भंडारा है, आंटीजी. अपनी श्रद्धा से. वैसे सब दो सौ इक्यावन दे रे हैं." बघा, श्रद्धेचा रेटही छापून तयार!

माझ्या पुढे एक मुसलमान बाई होत्या, विधवा पेन्शनच्या कामाला आलेल्या. त्यांनी काही न बोलता रुमालाच्या गाठीतून नोटा काढल्या. बाबूने पावतीसाठी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि त्याचं पेन थांबलं. "आप रहने दो," म्हणाला, आणि त्यांची फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली. त्या बाईंनी नोटा परत गाठीत बांधल्या. मी निदान दोनशे एक्कावन्न देऊन वर सरकू शकत होते. त्यांना तीही सोय नव्हती.

मी म्हटलं, "भैया, ये सरकारी दफ्तर है." तर त्याने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. "अहिल्या माता तो हाथ में शिवलिंग लेके राज करती थीं. आप तो मराठी हो, आपको तो पता होना चाहिए."

झालं! रामबागेत जन्म काढलेल्या बाईला हा अहिल्याबाई शिकवणार. अरे बाबा, माहीत आहे म्हणूनच तर बोलतेय. हुकमावर त्या 'श्री शंकर' लिहायच्या, कबूल. पण होळकरांकडे दोन पेट्या होत्या, एक दौलतीची आणि एक खासगीची. १७३४ मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या बायकोला, गौतमाबाईंना, खासगीची जहागीर दिली, ती पुढे सुनेकडे आली. १७८० मध्ये काशीविश्वनाथाचं देऊळ बांधलं, ठिकठिकाणी घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली, ती त्या खासगीतून. दौलत म्हणजे रयतेचा पैसा, तो वेगळा. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या बाईला हा हिशेब कळत होता, तिच्याच तसबिरीखाली बसून हा दौलतीच्या वेळात आणि दौलतीच्या विजेवर पावत्या फाडतोय. खासगीतून कर ना! कचेरी सुटल्यावर शंभर आरत्या म्हण, मीही टाळ्या वाजवायला येते.

घटनेच्या कलम २७ मध्येही हेच आहे. एखाद्या धर्माच्या जोपासनेवर खर्च होणारा कर भरायला कुणालाही भाग पाडता येत नाही. सार्वजनिक जागांवर नवी बेकायदा प्रार्थनास्थळं उभारायची नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच बजावलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच मध्य प्रदेश हायकोर्टाने पोलिस ठाण्यांच्या आवारात देवळं बांधण्याला स्थगिती दिली. इथे मात्र टाइल्सवर टाइल्स चढतायत.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो दुसऱ्या टोकाला. म्हणे मावशी, फ्रान्ससारखं पाहिजे, १९०५ पासून सरकार आणि चर्च साफ वेगळे. हो रे, आणि २००४ पासून तिथल्या सरकारी शाळेत मुलीला डोक्याला रुमाल बांधून बसता येत नाही, ते? मला ते नकोय. बाबूच्या टिळ्याशी माझं भांडण नाही. त्याच्या टेबलाच्या काचेखाली साईबाबांचा फोटो आहे, राहू दे. शेजारच्या टेबलावरचा कारकून दुपारच्या सुट्टीत नमाज पढून येतो, येऊ दे. ती त्यांची खासगी. माझ्या रांगेला हात लावला की मग माझं भांडण.

आणि खरं सांगायचं तर आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. सासूबाई सरकारच्या तीर्थदर्शन योजनेत रामेश्वरला जाऊन आल्या होत्या, फुकट. स्टेशनवर हार घालायला मीच गेले होते. तेव्हा दौलत आणि खासगी मला आठवलं नाही. हे म्हणाले, "आता कशी आठवली?" मी पोळी जरा जास्तच जोरात लाटली.

पैसे दिले मी. हो, दिले. चौथी खेप होती आणि पायांत गोळे आले होते. बाबूने फाइल उघडून एक सही कमी असल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. कुठल्या दिवशी जाऊ म्हणून मी शिपायाला विचारलं. तो बोटं मोजायला लागला. सोमवार भोलेनाथाचा, मंगळवार हा असा, बुधवारी साहेब खजराण्याच्या गणपतीला जाऊन मग येतात, गुरुवारी साईबाबा, शुक्रवारी देवीची ओटी, शनिवार-रविवार सुट्टी. "बुधवार को आ जाओ," म्हणाला, "बारा बजे बाद."

पर्समध्ये ती पावती आहे. नंबर आहे, तारीख आहे, शिक्का आहे, सहीसुद्धा आहे. चार खेपांत त्या कचेरीने मला दिलेला हा एकच पुरा कागद.